नाल्याचा माग उलटा काढायचा: मुंबईतली नदी, ओढा किंवा खाडी सुधारायला निघालेल्यांसाठी

काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही चाळीसेक जण दहिसर नदीत उतरलो आणि दुपारपर्यंत सत्तर गोणी कचरा बाहेर काढला. फोटो झाले, वडापाव झाले, गोणी काठावर नीट रचून ठेवल्या. सोमवारी गाडी येऊन त्या उचलणार होती. ती सोमवारी आली नाही, पुढच्या सोमवारीही आली नाही. जूनच्या पहिल्या मुसळधार पावसात गोणी नदीत गेल्या. त्यातली एक पुलाच्या खांबाला अडकून बसली होती आणि तिच्यावरची अक्षरं लांबूनही वाचता येत होती. आमच्याच सोसायटीच्या महाप्रसादाच्या तांदळाची गोणी होती ती.

तेव्हापासून मी साफसफाई यादीत शेवटी ठेवतो. कचरा दिसतो म्हणून आपण आधी त्याला हात घालतो, पण मुंबईतली नदी कचऱ्यापेक्षा जास्त सांडपाण्यानं मेलेली आहे आणि सांडपाणी काठावर उभं राहून दिसत नाही. ते कुठल्या पाइपातून येतं, हे शोधायला पाण्याच्या उलट दिशेनं चालावं लागतं. खाली दिलेला क्रम आमच्या चुकांमधून तयार झाला आहे.

आधी आपलं पाणी कुठलं ते ठरवा

मुंबई उपनगरांत चार नद्यांची नावं घेतली जातात: मिठी, दहिसर, पोईसर आणि ओशिवरा. मिठी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याच्या पाण्यातून सुरू होते आणि साधारण १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. दहिसर नदी तुळशी तलावाच्या बाजूच्या डोंगरातून निघते, राष्ट्रीय उद्यानातून उतरते आणि मनोरीच्या खाडीकडे जाते. पोईसरचाही उगम उद्यानातच आहे, ओशिवरा आरेतून येते आणि दोघी मालाडच्या खाडीच्या अंगाला जातात. मुलुंड, भांडुप, विक्रोळीकडचे नाले पूर्वेला ठाणे खाडीत उतरतात.

तुमच्या घराजवळचा नाला यातल्या कुठल्या पाण्याला मिळतो, हे उपग्रह नकाशावर बोट फिरवून अर्ध्या तासात कळतं. नाला रस्त्याखाली गेला की बोट अडतं. तिथे नकाशा बाजूला ठेवून एखाद्या जुन्या माणसाला गाठा. गावठाणातल्या आजी-आजोबांना नाला कुठून कुठे वळवला, कुठे विहीर होती, कुठल्या कातळावर कपडे धुवायचे, हे सगळं पाठ असतं. ‘नाला’ हा शब्दच पुष्कळ ठिकाणी नवा आहे. आमच्या भागातले म्हातारे अजून ‘नदीवर’ जातात आणि त्यांची नातवंडं ‘नाल्यावर’.

पाणलोट म्हणजे ज्या सगळ्या जमिनीवर पडलेलं पाणी शेवटी तुमच्या नाल्यात येतं तेवढा टापू. त्यात टेकडी आली, तशीच तुमच्या इमारतीची गच्ची, समोरचा गॅरेजवाला, मागची वस्ती आणि शाळेचं पटांगणही आलं. हा टापू कागदावर ढोबळ काढून घ्या. सगळा सुधारायला जाऊ नका, त्यातला अर्धा-एक किलोमीटरचा पट्टा निवडा. एका गटाला वर्षभर तेवढा पुरतो.

मे महिन्यात चाला

मे महिन्यात चालण्याला कारण आहे. मुंबईत पाऊस चार महिन्यांचा. शहरातले बहुतेक ओढे मूळचे पावसाळी, उन्हाळ्यात ते आटून त्यांची डबकी राहायला हवीत. मग मेच्या मध्यावर तुमचा नाला खळखळून वाहत असेल तर ते पाणी कुठलं? जवळजवळ सगळं नळाचं, म्हणजे वापरून सोडून दिलेलं. पावसाळ्यात हेच सांडपाणी पुरात मिसळून दिसेनासं होतं.

खाडीजवळच्या भागात भरती-ओहोटी पाहून जा, कारण भरतीला अर्धे पाइप पाण्याखाली जातात. पाऊणकी येत असेल तर कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणनं गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ येते. दशमीला दहा पाऊणे साडेसात. त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. म्हणून द्वितीया-तृतीयेची सकाळ आम्हाला सोयीची पडते, साडेसात-आठला पाणी उतरलेलं असतं. हिशेब ढोबळ आहे, नक्की वेळ भरतीच्या तक्त्यावरून पाहून घ्या.

खालून वर चाला. चौघे पुरेत: एक लिहिणारा, एक फोटो काढणारा, एक मोजणारा आणि चौथा काठावर राहणारा, ज्याच्याकडे सगळ्यांच्या घरचे नंबर आहेत. नाल्याला मिळणाऱ्या प्रत्येक पाइपला आणि गटाराला नंबर द्या. उजवा-डावा काठ नेहमी वाहत्या पाण्याच्या दिशेला तोंड करून ठरवायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी स्वतःचीच वही कळत नाही. पाइपाचा अंदाजे व्यास, पाणी चालू की बंद, रंग, वास, फेस आणि वेळ लिहा. वेळ विसरू नका. सकाळी सातला पांढरट फेसाळ पाणी सोडणारा पाइप घरगुती असतो. दुपारी हिरवट-तपकिरी आणि शेणाच्या वासाचं पाणी आलं तर वर तबेला आहे. रंग तासातासाला बदलत असेल, किंवा तेलाचा तवंग रात्रीच येत असेल, तर वर कारखाना, ड्रम धुणारं भंगाराचं दुकान किंवा गुपचूप रिकामा होणारा टँकर शोधा. संशयाचा पाइप दोन-तीन वेगवेगळ्या वेळांना पाहा.

जिवाशी खेळू नका. झाकलेल्या नाल्यात, कल्व्हर्टच्या (रस्त्याखालच्या मोरीच्या) आत, मॅनहोलमध्ये डोकंसुद्धा घालायचं नाही. तिथला वायू काही क्षणांत माणसाला आडवा करतो आणि वाचवायला उतरलेलाही वर येत नाही. गमबूट आणि जाड हातमोजे घाला, धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेत घेतलेलं असू द्या. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालावं लागलंच तर लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्यांसाठी २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. जूननंतर नदीच्या पात्रात उतरायचंच नाही. डोंगरात ढग फुटला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठीच्या काठची माणसं काय पाहत होती ते त्यांच्याकडूनच ऐका.

संत्र्यानं मोजमाप

‘नाला फार घाण आहे’ असं लिहिलेल्या अर्जाला उत्तर येत नाही, आकडा लिहिलेल्या अर्जाला येण्याची शक्यता असते. आकडा काढायला यंत्र लागत नाही. नाल्याचा सरळ, एकसारखा दहा मीटरचा तुकडा निवडा. रुंदी मोजा, चार-पाच ठिकाणी काठीनं खोली मोजून सरासरी काढा. वरच्या टोकाला संत्रं सोडा आणि खालच्या टोकाला पोचेपर्यंतचे सेकंद मोजा. असं तीनदा करा. संत्रंच का? ते बरंचसं बुडून तरंगतं, वाऱ्यानं भरकटत नाही आणि काळ्या पाण्यातही दिसतं.

आमच्या एका नाल्याचं गणित असं होतं. रुंदी २ मीटर, खोली १५ सेंटिमीटर, दहा मीटरला ४० सेकंद. म्हणजे वेग सेकंदाला पाव मीटर. वरचं पाणी तळाजवळच्या पाण्यापेक्षा जोरात धावतं म्हणून तो ०.८५ नं गुणायचा. उत्तर आलं सेकंदाला साधारण ६४ लिटर, दिवसाला ५५ लाख लिटर. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर हे सुमारे एक्कावन्न हजार माणसांचं सांडपाणी झालं. हा आकडा सभेत सांगितल्यावर ‘झोपडपट्टीमुळे होतं सगळं’ म्हणणारे गृहस्थ गप्प झाले, कारण त्या नाल्याच्या वरच्या अंगाला एवढी मोठी वस्तीच नव्हती. होते ते टॉवर.

पाण्याच्या गुणवत्तेसाठी विरघळलेला प्राणवायू मोजायचं साधं किट आणि पीएचच्या पट्ट्या पुरतात. आंघोळीयोग्य नदीच्या निकषात प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना खर्च होणारा प्राणवायू) ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही आणि पीएच ६.५ ते ८.५ असावा असं म्हटलं आहे. उद्यानाच्या आत आणि उद्यानाबाहेर पहिल्या पुलाखाली अशा दोन जागा एकाच सकाळी मोजा. (उद्यानात काहीही करायचं तर वनखात्याची परवानगी काढून.) त्या दोन आकड्यांतली दरी सगळं सांगून जाते.

आधी आपल्या इमारतीचा पाइप

या टप्प्यावर माणसं नाराज होतात, पण सगळ्यात लवकर फळ इथेच मिळतं.

मुंबईत पावसाच्या पाण्याच्या वाहिन्या वेगळ्या आणि मैल्याच्या वेगळ्या. पहिल्या सरळ नाल्यात जातात, दुसऱ्या उदंचन केंद्रातून (पंपिंग स्टेशनातून) प्रक्रियेकडे जायला हव्यात. आता तुमच्या बाल्कनीत जा. वॉशिंग मशीन तिथेच असेल. त्याचा करड्या रंगाचा लवचीक पाइप कुठे सोडला आहे? शंभरातल्या बऱ्याच घरांत तो बाल्कनीच्या जाळीत सोडलेला असतो आणि ती जाळी पावसाच्या पाण्याच्या उभ्या पाइपाला जोडलेली असते. म्हणजे तुमच्या घरचं साबणाचं पाणी कुठल्याही प्रक्रियेशिवाय खाडीत पोचतं. इंटीरियरवाल्यानं बाल्कनी आत घेऊन तिथे सिंक बसवलं असेल तर खरकटंही त्याच वाटेनं जातं.

आमच्या वहीतला १४ नंबरचा पाइप असाच सापडला. आठवड्यातले सातही दिवस सकाळी साडेसात ते दहा त्यातून पांढरं पाणी. आम्ही वरच्या कारखान्याच्या संशयात होतो. एका रविवारी सेक्रेटरींच्या परवानगीनं आमच्याच बी विंगच्या बाल्कन्यांत खाण्याचा लाल रंग बादलीत कालवून ओतला आणि खाली चेंबरचं झाकण उघडून बसलो. मैल्याच्या चेंबरमध्ये काही आलं नाही. काही मिनिटांत नाल्यावर उभ्या असलेल्या मुलानं फोन केला, ‘काका, १४ नंबर लाल झाला.’

उपाय महाग नव्हता. तळमजल्याच्या पातळीवर ते उभे पाइप तोडून मैल्याच्या चेंबरला जोडून चालत नाही, कारण पावसाळ्यात गच्चीचं पाणी मैल्याच्या वाहिनीत शिरून ती तुंबते. म्हणून परवानाधारक प्लंबरकडून मशीनसाठी वेगळी उभी लाइन टाकून घेतली. खर्चावरून दोन सर्वसाधारण सभा भांडणात गेल्या. तिसऱ्या सभेत लाल पाण्याचा व्हिडिओ दाखवला.

हे झालं की शेजारच्या सोसायटीत जाताना तोंड वर करून जाता येतं.

तक्रार कुणाकडे आणि कशी

पहिली तक्रार महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर नोंदवून तिचा नंबर घ्या, पण तिथेच थांबू नका. वॉर्डच्या सहायक आयुक्तांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. एका पत्रात एकच विषय लिहा. पाइपाचा तुमचा नंबर, जवळची खूण (विजेच्या खांबाचा क्रमांक चांगला), अक्षांश-रेखांश, तारीख-वेळ असलेले तीन फोटो आणि मोजलेला आकडा, एवढं पुरे. गाळ आणि नाल्याची भिंत पर्जन्य जलवाहिन्या विभागाकडे, मैल्याची जोडणी मलनिस्सारणाकडे, काठावरचा कचरा घनकचरा विभागाकडे. ही वाटणी माहीत नसेल तर अर्ज टेबलांवर फिरतो, आमचा एक सात महिने फिरला.

कारखान्याचं पाणी असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयात जा. आपण बाटलीत भरून नेलेलं पाणी तिथे पुरावा ठरत नाही. १९७४ च्या जल कायद्यानुसार नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानं ठरलेल्या पद्धतीनं घ्यावा लागतो. म्हणून अर्जात ‘कारवाई करा’ याऐवजी ‘अमुक वारी रात्री अमुक वाजता संयुक्त पाहणी करून नमुना घ्या’ असं लिहा. ती वेळ तुमच्या वहीतून येते.

उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार आहेच. अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. ‘नालेसफाईची सर्व माहिती द्यावी’ असं लिहाल तर तुम्हाला काहीही मिळणार नाही. अमुक नाल्यातून अमुक वर्षी काढलेल्या गाळाच्या वजनकाट्याच्या पावत्या आणि गाडीच्या खेपांची नोंद, असं मागा. त्याहून बरं म्हणजे कागदांची पाहणी करण्याची मागणी करा. कायद्यात तो हक्क आहे, झेरॉक्सचे पैसे वाचतात आणि फाइल उलटताना जे मागायचं सुचलंच नव्हतं तेही नजरेला पडतं.

आता कचरा

गाडी नक्की झाल्याशिवाय एकही गोण भरू नका. गाडीचा दिवस आधी, स्वयंसेवकांचा नंतर. त्याच दुपारी उचल होणार असेल तरच पात्रात उतरायचं. निघालेल्या कचऱ्याचं वर्गीकरण करून मोजा: किती पिशव्या, किती थर्माकोल, किती निर्माल्य, किती गाद्या. (गादी प्रत्येक नाल्यात असते. का, ते मला आजवर कळलेलं नाही.) राडारोडा वेगळा धरा. तो कुणाच्या तरी घराच्या नूतनीकरणातून आलेला असतो आणि एका रात्रीत टेम्पो रिकामा होतो. त्या जागी उजेड आणि अडसर केला की पुष्कळ काम होतं. निर्माल्यासाठी पुलाच्या दोन्ही टोकांना कलश ठेवा आणि तो रोज रिकामा होईल याची हमी आधी घ्या. भरून वाहणारा कलश पाहिला की लोक पुन्हा कठड्यावरून टाकायला लागतात.

खाडीकडचा पट्टा: तिवरं लावू नका, पाणी सोडा

खाडीजवळ राहत असाल तर रोपं लावायची हौस आवरा. खारफुटी स्वतः बी टाकते, ते भरतीबरोबर येतं आणि जागा योग्य असेल तर रुजतं. ती येत नसेल किंवा वाळत असेल तर बहुतेक वेळा भरतीची वाट बुजलेली असते. कुणी बांध घातला असेल, रस्त्याखालचा पाइप गाळानं बंद झाला असेल, किंवा राडारोड्यानं तिवरांची जमिनीतून वर आलेली श्वसनमुळं दबली असतील. वाट मोकळी झाली की दोन-तीन पावसाळ्यांत कोवळी रोपं दिसू लागतात. उघड्या चिखलावर तर मुळीच लावू नका. तो चिखल ओसाड दिसतो, पण निवट्या, चिंबोऱ्या आणि पक्ष्यांचं ताट तिथेच वाढलेलं असतं. ठाणे खाडीचं रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य २०१५ साली झालं आणि २०२२ मध्ये ते जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, ते याच चिखलावर उतरणाऱ्या पाखरांमुळे.

यात कोळीवाड्यातल्या माणसाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. खाडीत पाग (हातानं फेकायचं जाळं) टाकणाऱ्याला कुठल्या मुखाशी मासा मरतो आणि कुठल्या दिवशी पाण्याला वास येतो, हे आपल्या किटपेक्षा आधी कळतं.

तोड, जाळपोळ किंवा भराव दिसला तर त्याच दिवशी वनखात्याच्या कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्षाला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि पोलिसांना कळवा. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ च्या निकालात खारफुटीचा नाश हा जगण्याच्या हक्काचा भंग मानला आणि भोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितला आहे. त्याचा उल्लेख पत्रात करा. उपग्रह चित्रांच्या जुन्या तारखा चाळून ‘आधी-नंतर’ अशी दोन चित्रं जोडलीत तर ‘इथे पहिल्यापासून मोकळंच होतं’ हे उत्तर देता येत नाही.

काठ आणि डोंगर

२००५ नंतर बहुतेक नद्यांना दोन्ही बाजूंनी भिंती आल्या. भिंत पाडायची मागणी मी करत नाही, तिच्यामागे माणसं राहतात. पण तळाला काँक्रीट घालायचा प्रस्ताव आला तर जरूर विरोध करा. तळ मातीचा असेल तर पाणी मुरतं आणि किडा-मासा जगतो. जिथे मातीचा काठ शिल्लक आहे तिथे करंज, उंबर, जांभूळ, ताम्हण लावा आणि पाण्यालगत वाळा. सुबाभूळ आणि गिरिपुष्प फुकट मिळतात म्हणून घेऊ नका. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, त्या माणसाचं नाव ठरलं की मगच खड्डे खणा.

गच्चीचं पाणी जमिनीत मुरवणं हेही नदीचंच काम. पाचशे चौरस मीटरच्या गच्चीवर मुंबईच्या पावसाळ्यात ढोबळमानानं अकरा लाख लिटर पाणी पडतं. यातलं जेवढं तुमच्या टाकीत किंवा बोअरमध्ये गेलं तेवढं पुराच्या दिवशी नाल्यात नाही आलं. कान्हेरीच्या डोंगरावर लेण्यांबाहेर कातळात कोरलेल्या पाण्याच्या पोढ्या (टाक्या) एकदा पाहून या. त्या डोंगरावर राहणाऱ्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी पावसाचा हाच हिशेब केला होता.

वर्ष सरलं की पुन्हा मे येतो. तीच वही, तेच पाइप, तेवढ्याच वाजता चाला आणि जुन्या नोंदीशेजारी नवी लिहा. यंदा आमचा १४ नंबर कोरडा होता. तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं आणि ते चांगलं धुळकट झालं होतं, म्हणजे बऱ्याच दिवसांचं. १५ नंबर मात्र साडेसातला पांढरा सुटतो. तो समोरच्या सोसायटीचा आहे आणि त्यांची सर्वसाधारण सभा येत्या रविवारी आहे.